ऊब कोणाच्या मापाची?

सप्टेंबर १९१४. पहिले महायुद्ध सुरू होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. इंग्लंडची राणी मेरी हिने देशातल्या स्त्रियांना एक आवाहन केले. आघाडीवरच्या सैनिकांसाठी मोज्यांचे तीन लाख जोड आणि पोटाला गुंडाळायचे तीन लाख लोकरी पट्टे हवे होते, तेही नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. आगगाडीत, चर्चमध्ये, नाटकाच्या मध्यंतरात बायका विणू लागल्या. दुसऱ्यासाठी, अनोळखी माणसासाठी विणणे ही गोष्ट जुनीच. पण एवढ्या मोठ्या प्रमाणावर ती प्रथमच घडत होती.

आज जगभर हजारो माणसे रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी टोप्या, मफलर, मोजे, पांघरुणे विणतात. आपल्याकडेही दिवाळी संपून हवेत गारवा आला की महिला मंडळे, सोसायट्या, ज्येष्ठ नागरिक संघ यांतून लोकरीचे गुंडे बाहेर निघतात. या कामामागच्या सद्‍भावनेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण सद्‍भावनेने विणलेली वस्तू अंगावर घेणाऱ्याला खरोखर उपयोगी पडते का, आणि ती विणताना नकळत कोणाच्या पोटावर पाय तर येत नाही ना, हे दोन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. ते पहिल्यांदा जाहीरपणे आणि धारदारपणे विचारले गेले ते याच १९१४ साली.

दोन मेरी

राणीच्या हाताशी जी संस्था होती तिची सुरुवात १८८२ सालची. डॉर्सेट परगण्यातल्या एका अनाथालयाला मुलांसाठी मोजे आणि जर्सी हव्या होत्या. लेडी वुल्व्हर्टन या बाईंनी आपल्या मैत्रिणींचे एक मंडळ जमवले. नियम साधा होता : प्रत्येक सभासदाने वर्षाला किमान दोन कपडे द्यायचे. या मंडळाला पुढे राजघराण्याचा आश्रय मिळाला. युद्ध सुरू होताच राणी मेरीने ते राष्ट्रीय पातळीवर नेले आणि ऑगस्टमध्येच शिवणकाम-विणकामाची पहिली हाक दिली.

त्या हाकेने मेरी मॅकआर्थर ही कामगार पुढारी अस्वस्थ झाली. ती कापडाच्या दुकानदाराची मुलगी. चारच वर्षांपूर्वी, १९१० साली, क्रॅडली हीथ इथल्या साखळ्या घडवणाऱ्या स्त्रियांचा संप तिने लढवला होता आणि जिंकला होता. युद्ध सुरू होताच श्रीमंत घरांनी नवे कपडे, टोप्या, झालरी घेणे थांबवले होते आणि त्यावर पोट असलेल्या हजारो शिवणकामगार बायका बेकार झाल्या होत्या. सैन्याला लागणारे सदरे आणि मोजे हे त्यांच्या हाताला मिळू शकणारे काम होते. नेमके तेच काम आता खाऊन-पिऊन सुखी घरांतल्या बायका फुकट करून देणार होत्या. एक बाई दयेने मोजा विणते तेव्हा दुसरीची मजुरी बुडते, असा हा पेच होता.

राणीने मॅकआर्थरला भेटीला बोलावले आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले. त्यातून स्त्रियांना काम देण्यासाठी ‘क्वीन्स वर्क फॉर विमेन फंड’ हा निधी उभा राहिला. तो वापरण्यासाठी नेमलेल्या मध्यवर्ती समितीची मानद चिटणीस मॅकआर्थरच झाली. बेकार बायकांसाठी कार्यशाळा निघाल्या. तिथली मजुरी तासाला तीन पेनी, आणि आठवड्याला जास्तीत जास्त दहा शिलिंग. ही मजुरी म्हणजे पिळवणूकच, अशी टीका सिल्व्हिया पँकहर्स्ट हिने केली. म्हणजे तोडगा निर्दोष नव्हता. पण एक गोष्ट कबूल झाली : दान म्हणून विणलेला मोजा हा निव्वळ खाजगी प्रेमाचा मामला नसतो. तो बाजारात उतरतो आणि कुठे ना कुठे कोणाच्या तरी मजुरीला धक्का देतो.

दुसरा प्रश्न मापाचा. हौसेने विणलेल्या मोज्यांत लहान-मोठ्या जोड्या निघत, बोटांशी जाड शिवण राही. घरात दोन तास घालायच्या मोज्यात ही शिवण खपून जाते. बुटात पाय कोंबून दिवसभर चालणाऱ्याला ती फोड आणते, आणि ओल्या खंदकात फोड चिघळतो. म्हणून बोटांकडची दोन टोके शिवण न घालता टाक्याला टाका जुळवून सांधण्याची पद्धत महत्त्वाची ठरली. सेनानी किचनर याच्या नावाने हा टाका आजही ओळखला जातो; नाव कसे पडले याच्या कथा अनेक आहेत. पुढे अमेरिका युद्धात उतरल्यावर तिथल्या रेडक्रॉसने नमुने छापून वाटले, लोकरीचा रंग ठरवून दिला आणि आलेला माल तपासायला माणसे बसवली. मापात न बसलेले मोजे उसवून पुन्हा विणले जात. विणणारीला वाईट वाटत असणार. पण पाय सैनिकाचा होता.

चौकोनांचे गणित

युद्धे संपली. सैनिकांसाठीचे विणकाम ओसरले, पण अनोळखी माणसासाठी विणण्याची सवय टिकली. १९९१ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, वॉसॉ गावात लोकरीचे दुकान चालवणाऱ्या ईव्ही रोझेन यांनी ती बेघर आणि गरजू लोकांकडे वळवली. दुकानदार असल्यामुळे त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : बहुतेक लोक पांघरूण विणायला घेतात आणि अर्ध्यात सोडतात. म्हणून त्यांनी अख्खे पांघरूण मागितलेच नाही. मागितला फक्त सात इंच बाय नऊ इंचांचा एक तुकडा. असे ४९ तुकडे जोडले की एक पांघरूण.

हे गणित करून पाहण्यासारखे आहे. सात उभ्या रांगा आणि सात आडव्या. रुंदी सात गुणिले सात, म्हणजे ४९ इंच. लांबी सात गुणिले नऊ, म्हणजे ६३ इंच. चार फुटांहून किंचित जास्त रुंद आणि सव्वापाच फूट लांब. नवशिक्या मुलीला जमेल असा तुकडा आणि माणसाला पांघरता येईल असे कापड, यांच्यातला सांधा या साध्या गुणाकाराने साधला. ‘वॉर्म अप अमेरिका’ या नावाने ही चळवळ देशभर पसरली.

आपल्याकडे याच तत्त्वावरचा मोठा प्रयोग चेन्नईत झाला. सुबश्री नटराजन यांनी समाजमाध्यमांतून क्रोशे विणणाऱ्या बायकांना एकत्र आणले आणि जानेवारी २०१६ मध्ये त्यांच्या ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ११ हजार चौरस मीटरहून मोठे पांघरूण मांडून गिनेस विक्रम केला. देशातून आणि परदेशातून चौकोन आले होते. विक्रमानंतर ते गरजूंना देण्यासाठी वेगळे करायचे, हे आधीपासूनच ठरलेले होते. विक्रम हा विणणाऱ्यांचा आनंद. उपयोग मात्र तुकडे सुटे झाल्यावरचा.

हे दोन्ही सांभाळले नाही तर काय होते, याचे गमतीदार उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. तेलगळतीत सापडलेल्या छोट्या पेंग्विनांनी पिसांवरचे तेल चोचीने गिळू नये म्हणून फिलिप बेटावरच्या सेवाभावी मंडळींनी त्यांच्यासाठी स्वेटर मागवले. कल्पना इतकी लोभस होती, की जगभरातून स्वेटरांचा पूर आला. पेंग्विन मोजके, स्वेटर अगणित. उरलेले स्वेटर शेवटी खेळण्यातल्या पेंग्विनांना घालून विकले गेले. तिथे त्यातून निधी तरी उभा राहिला. माणसांच्या बाबतीत असे घडते तेव्हा गाठोडी निवाऱ्याच्या कोपऱ्यात पडून राहतात. बाळाची टोपडी एका संध्याकाळी होते, गोजिरी दिसते, म्हणून ती भरपूर येतात. रात्रनिवाऱ्यात झोपणाऱ्यांत मात्र मोठी संख्या प्रौढ पुरुषांची असते.

ऊब कशी तयार होते

कपडा ऊब निर्माण करत नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. ऊब शरीराची असते; कपडा ती अडवतो, आणि अडवण्याचे खरे काम करते ती त्याच्यात अडकलेली स्थिर हवा. विणलेल्या कापडात धाग्याचे वेटोळे असतात, त्यांच्या पोकळ्यांत हवा राहते. म्हणून नुसत्या सुलट टाक्यांनी विणलेली, दोन्ही बाजूंनी खडबडीत दिसणारी जाड वीण गुळगुळीत विणीपेक्षा अधिक उबदार लागते. जाळीची नक्षी डोळ्यांना सुखावते, पण वारा तिच्यातून सरळ आत येतो आणि धरून ठेवलेली हवा घेऊन जातो. उघड्यावर झोपणाऱ्यासाठी जाळी नको, हा पहिला नियम.

क्रोशे आणि दोन सुयांची वीण यांतही निवड आहे. सुयांवरची वीण ताणली जाते, म्हणून डोक्याला, मनगटाला, पावलाला घट्ट बसते. दोन सुलट-दोन उलट घातलेली पट्टी तर रबरासारखी धरून राहते. पण एक टाका तुटला की शिडीसारखी ओळ उसवत जाते. क्रोशात प्रत्येक टाका तिथल्या तिथे बंद होतो, त्यामुळे वस्तू सहजी उसवत नाही. मात्र तेवढ्याच आकाराला लोकर जास्त लागते आणि कापड ताठर होते. ढोबळमानाने, टोपी आणि मोजे सुयांवर, पांघरूण क्रोशाने, ही विभागणी शहाणपणाची.

लोकर कोणती, हा प्रश्न त्याहून नाजूक. आपल्या दुकानांत ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतांशी मेंढीची नसतेच, ती अॅक्रिलिक असते. मेंढीची लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओल पोटात घेते तरी ओली लागत नाही, आणि सहजासहजी पेटत नाही. पण गरम पाण्यात चुकीच्या पद्धतीने धुतली की आटून गोळा होते. अॅक्रिलिक स्वस्त, कसेही धुवा, लवकर वाळते. ज्याला धुवायला सार्वजनिक नळ आणि वाळवायला कुंपण एवढेच उपलब्ध, त्याला ते सोयीचे. मात्र ठिणगी पडली की ते वितळते आणि कातडीला चिकटते. रस्त्यावरच्या माणसाची थंडी शेकोटीशेजारी जाते, हे लक्षात घेतले तर बाह्या लोंबणारे सैल अॅक्रिलिक स्वेटर किंवा लांब झालरीचे मफलर देणे टाळावेसे वाटेल. सुती धाग्याचा तर विचारच नको. भिजला की तो जड होतो, थंड होतो आणि लवकर वाळत नाही.

शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, असे ऐकत आपण मोठे झालो. ते खरे नाही. २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या एका लेखाने या समजाचा समाचार घेतला. डोके शरीराच्या पृष्ठभागाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढे आणि उष्णताही जवळपास त्याच प्रमाणात जाते. तरीही माकडटोपी ही उत्तम भेट आहे, कारणे निराळी. प्रौढांच्या डोक्याचा घेर बहुधा २१ ते २३ इंच असतो, त्यामुळे एकच ताणली जाणारी टोपी जवळजवळ सर्वांना बसते. कान झाकले जातात. आणि ती डोक्यावर राहते, म्हणजे कुठे ठेवायची हा प्रश्न येत नाही.

मोजांचे महत्त्व याहून मोठे. पाय तासन्‌तास ओले आणि गार राहिले की कातडी पांढुरकी होते, बधिरते, मग सुजते आणि चिघळते. खंदकांतल्या सैनिकांचा हा विकार आजही बेघर माणसांत आढळतो. त्यासाठी बर्फ पडावे लागत नाही. सततची ओल आणि बेताचा गारवा पुरतो. त्यावर उपाय म्हणजे पाय कोरडे करून कोरडा मोजा घालणे. म्हणजे एक जोड देऊन भागत नाही. एक पायात आणि एक वाळत, असे दोन हवेत.

शेवटची गोष्ट जमिनीची. माणूस फरशीवर झोपतो तेव्हा अंगाखालचे पांघरूण त्याच्या वजनाने दाबले जाते, त्यातली हवा निघून जाते आणि शरीराची उष्णता सरळ सिमेंटमध्ये उतरते. म्हणून अमेरिकेत प्लॅस्टिकच्या पिशव्या कापून त्यांचा धागा करतात आणि जाड क्रोशाने चटया विणतात. एका चटईला साधारण ५०० ते ७०० पिशव्या लागतात. महाराष्ट्रात २०१८ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे. आपल्याकडे हेच काम जुन्या लुगड्यांची, अनेक थरांची गोधडी कितीतरी वर्षे करत आली आहे. अंगावर घ्यायचे पांघरूण देताना अंगाखाली काय आहे, हे विचारले पाहिजे.

रस्त्यावरचा हिशेब

२०११ च्या जनगणनेने देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर मोजले. महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक. रात्री रस्त्यावर फिरून केलेली ही मोजणी अपुरी आहे, असे बेघरांमध्ये काम करणारे कार्यकर्ते सांगत आले आहेत. डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीत पुसा रोडवरचा तात्पुरता निवारा ऐन थंडीत हटवला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि २०१० साली न्यायालयाने पाच लाखांवर वस्तीच्या शहरांत लाखामागे एक, बारा महिने चालणारा निवारा असला पाहिजे, असे बजावले. महाराष्ट्राला हा वाद नवा नव्हता. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हुसकावण्याचा निर्णय झाला होता. त्यातून उभ्या राहिलेल्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

हे कायद्याचे संदर्भ विणकामाच्या लेखात कशाला? कारण पांघरुणाचे आयुष्य त्यांच्यावर अवलंबून असते. रस्त्यावर राहणाऱ्याला दिवसा पांघरूण ठेवायला जागा नसते. ते चोरीला जाते किंवा हटाव मोहिमेच्या गाडीत जाते. जुन्या दिल्लीत तर रजया आणि खाटा रात्रीपुरत्या भाड्याने देण्याचा धंदाच आहे. झोपेची जागा विकत घ्यावी लागणाऱ्या या जगाचे चित्रण शौनक सेन यांच्या ‘सिटीज ऑफ स्लीप’ या माहितीपटात आहे. जे अंगावर वागवता येते तेच टिकते. त्यामुळे निवारा नसलेल्याला टोपी, मोजे, अर्धी बंडी हे भल्या मोठ्या पांघरुणापेक्षा जास्त काळ साथ देतात. निवाऱ्यात नियमित जाणाऱ्याला मात्र पांघरूण उपयोगी.

शहराशहरांत गरज बदलते. निफाड-नाशिक, पुणे, नागपूर इथल्या डिसेंबरच्या रात्री लोकर मागतात. मुंबईत फुटपाथवरच्या माणसाचा मोठा शत्रू जून ते सप्टेंबरचा पाऊस; तिथे स्वेटरापेक्षा ताडपत्री आणि कोरडे कपडे मोलाचे. ‘गूंज’ ही संस्था १९९९ मध्ये सुरू करणाऱ्या अंशू गुप्ता यांनी हेच दुसऱ्या अंगाने मांडले. दिल्लीत बेवारस प्रेते उचलणाऱ्या एका माणसाबरोबर फिरताना त्यांना दिसले, की थंडीत त्याचे काम वाढते. अंगावर पुरेसे कपडे नसणे ही पूर-भूकंपापुरती नव्हे तर बारमाही आपत्ती आहे, हा विचार त्यातून रुजला. गूंजने पुढे खेड्यांत कपडे फुकट न वाटता गावाने स्वतःच ठरवलेल्या कामाचा मोबदला म्हणून देण्याची पद्धत आणली. २०१५ साली गुप्तांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

घोंगडीचा प्रश्न

मोबदल्याची गोष्ट निघाली की मेरी मॅकआर्थरचा प्रश्न पुन्हा समोर येतो, आणि तो आता आपल्या दारात उभा असतो. दख्खनच्या पठारावर ऊब देणारे कापड होते ते घोंगडी. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची राठ लोकर, सणगरांचा माग, चिंचोक्याची खळ. पाऊस झेलणारी, जमिनीवर अंथरता आणि अंगावर घेता येणारी, वर्षानुवर्षे टिकणारी ही वस्तू. आज त्या लोकरीला गिऱ्हाईक राहिलेले नाही. कातरणीची मजुरीसुद्धा निघत नाही म्हणून कितीतरी मेंढपाळ ती टाकून देतात, आणि सणगरांचे माग एकेक करून बंद पडत आहेत.

म्हणजे एकीकडे शहरात अॅक्रिलिकचे गुंडे विकत आणून दान विणले जाते आणि दुसरीकडे उबेचे कापड विणणारा कारागीर बेकार बसतो. यावरून विणणाऱ्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही. राठ दख्खनी लोकरीचा मोजा पायात टोचेल. टोपी, मोजे हे तिच्याच सुयांचे काम आहे. पण मंडळाने जमवलेल्या वर्गणीत दहा पांघरुणांची लोकर घ्यायची की सणगराकडून घोंगड्या, हा निर्णय करताना दोन्ही माणसे डोळ्यांसमोर असावीत : ती पांघरणारा आणि ती विणून पोट भरणारा. अंगाजवळचे, मापाचे, मऊ ते हाताने विणावे. जाड आणि मोठे ते कारागिराकडून घ्यावे. एवढी विभागणी केली तरी एकाची ऊब दुसऱ्याच्या मजुरीवर येत नाही.

टाके घालण्याआधी जवळच्या रात्रनिवाऱ्यात एक चक्कर मारावी. माणसे किती, पुरुष किती, बायका-मुले किती, कपडे धुतात कुठे, वाळवतात कुठे, खाली काय अंथरतात, हे विचारावे. रंग मळखाऊ घ्यावा, शिवण आत टोचत नाही ना ते स्वतःच्या हातावर घासून पाहावे. मोजे द्यायचे तर दोन जोड द्यावेत. आणि त्या निवाऱ्यात जागा किती आणि येणारे किती, हा आकडाही लिहून आणावा. टोपी विणण्याचे काम घरी चार संध्याकाळी होईल. निवाऱ्यात कमी पडणाऱ्या जागांसाठी नगरसेवकाच्या दारात अनेक हेलपाटे घालावे लागतील. दोन्ही कामे एकाच वहीत नोंदलेली बरी.